कणशांची तेरेसा

"ताई गेल्या," असं त्यांच्या शेजारच्या जोगळेकर वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुठे?" वहिनींना वाटलं, धक्क्याने माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तसं नव्हतं. ताईंना न सांगता निघून जायची सवयच होती. गुडघे दुखत असताना त्या एकट्या सिंहगडावर जाऊन आल्या होत्या आणि आम्हाला ते महिनाभराने, तेही कांदाभज्यांच्या चवीविषयी बोलताना कळलं होतं. त्यामुळे 'गेल्या' या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला... आणि आल्यावर मात्र मी बिबवेवाडीच्या आमच्या स्वयंपाकघरात, हातात उलथनं तसंच धरून, खाली बसले.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद, कुमुद कणसे. शनिवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीने संसार केला. त्या दिवशी दुपारी जेवून, भांडी विसळून पालथी घालून त्या आरामखुर्चीत टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. दुपारच्या ज्या वेळात त्यांनी पोस्टमनला, कुरियरवाल्याला आणि मतं मागायला आलेल्या उमेदवाराला कधी दार उघडलं नाही, त्या वेळात यमाला कसं उघडलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बेल न वाजवता आला असणार.

कणसे हे आडनाव ऐकलं की समोरचा माणूस हमखास विचारायचा, "साताऱ्याकडचे का?" ताई म्हणायच्या, "नाही, जरा पश्चिमेला." "म्हणजे चिपळूण?" "अजून पश्चिमेला." चिपळूणच्या पश्चिमेला समुद्र लागतो, हे लक्षात येईपर्यंत ताई पुढच्या गल्लीत पोचलेल्या असायच्या. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. ताईंचे आणि माझ्या यजमानांचे, म्हणजे अरविंद यांचे, पणजोबा इटलीचे होते. निदान घरात तसं सांगत. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानिकाला हौस आली की आपल्या दरबारी विलायती बँड हवा, आणि तो बँड शिकवायला लिगुरिया नावाच्या किनाऱ्यावरून जोव्हान्नी कानेस्सा हा मनुष्य बोटीने आला. आला तो परत गेला नाही. तिथल्याच एका मराठी बाईशी लग्न करून राहिला. संस्थानच्या कारकुनाला हे नाव काही झेपलं नाही. त्याने सरळ 'जिवाजी कणसे' लिहिलं आणि एका फटक्यात माणूस देशावरचा झाला. पुरावा म्हणाल तर शून्य. त्यांचं कॉर्नेट, म्हणजे बँडातली छोटी पितळी तुतारी, म्हणे बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. पुढे आजीने ते बोहारणीला देऊन त्यावर झाकणासकट पातेलं घेतलं. राहिले ताईंचे घारे डोळे. पण पुण्यात घाऱ्या डोळ्यांवरून लोक जो निष्कर्ष काढतात, तो इटलीपर्यंत जात नाही, कोकणातच थांबतो.

अरविंद यांचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. "बँडवाला होता हे खरं असेल," ते म्हणायचे, "पण इटली आपल्या आजोबांनी घातली. बायकोच्या माहेरच्यांवर छाप पाडायला." ताई एरवी भावाचं एकही विधान सिद्धतेशिवाय सोडत नसत, पण या बाबतीत त्या नुसत्या हसायच्या. मला वाटायचं, त्यांनाही ही थापच वाटत असेल. खरी गोष्ट मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळली, तीही सासूबाईंकडून नाही, ताईंच्याच तोंडून. आम्ही दोघी मंडईतून कैऱ्या घेऊन येत होतो. समोरून एक टक्कल पडलेले, बऱ्यापैकी पोट सुटलेले गृहस्थ आले, ताईंकडे पाहून गडबडले आणि फुटपाथ सोडून थेट रस्त्यात उतरले. मागून रिक्षावाला ओरडला. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुझे होता होता राहिलेले नणंदोई. सांभाळून चालत जा म्हणावं."

झालं होतं असं, की ताईंचं लग्न ठरलं होतं. मुलगा बँकेत अधिकारी, पसंती दोन्हीकडून. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात याद्या करायला मंडळी बसली आणि माझे सासरे, जे कधी खोटं बोलत नसत आणि त्यामुळे कुठेच फारसे लोकप्रिय नव्हते, त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की आमचे आजोबा इटालियन. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला : पत्रिका पुन्हा पाहिली, जमत नाही. ताईंनी त्यानंतर दुसरं स्थळ बघू दिलं नाही. "पणजोबांनी बँड वाजवला संस्थानात," त्या मला म्हणाल्या, "आणि माझा वाजला शनिवार पेठेत." असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी कैऱ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "सुनंदा, मला एकदा तिथे जाऊन बघायचंय. ज्याच्यापायी माझं लग्न मोडलं, तो माणूस मुळात होता तरी का. नसेल तर फारच वाईट झालं गं... उगाचच मोडलं."

करोना ओसरला आणि ताईंनी जाहीर केलं की आता बोलवणं केव्हा येईल सांगता येत नाही, त्याआधी जाऊन यायचं. अरविंद म्हणाले, "मी अफवेच्या मागे विमानाने जात नाही." मग मी गेले. व्हिसाच्या मुलाखतीला समोरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पर्पज ऑफ व्हिजिट?" ताई म्हणाल्या, "नातेवाईक." "नातेवाइकांचा अ‍ॅड्रेस?" ताई म्हणाल्या, "दफनभूमी. त्यातली नेमकी जागा तिथे गेल्यावर कळेल." मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी तो मागे घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "सुनंदा, पाय लागतोय तुझा." तरी व्हिसा मिळाला. त्या मुलीलाच दया आली असावी.

पणजोबांचं म्हणून घरात सांगत ते गाव म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर आणि त्याच्या अंगावर कुणीतरी रंगीत खोकी डकवावीत तशी घरं. जिकडे तिकडे पायऱ्या. ताईंनी वर बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पर्वतीच आहे. फक्त खाली पाणी घातलंय." आम्ही पोचलो ती वेळ दुपारची होती. किराण्याचं दुकान बंद, औषधाचं दुकान बंद, चर्चसुद्धा बंद. एका बेकरीच्या दाराशी मालक शटर ओढत होता. ताईंनी पावाकडे बोट दाखवलं. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि शटर खाली घेतलं. मला राग आला. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र प्रवासात पहिल्यांदाच समाधान पसरलं. "सुनंदा," त्या कौतुकाने म्हणाल्या, "आपलीच माणसं आहेत ही."

आमची उतरण्याची सोय कातेरीना नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, हात कमरेवर ठेवून बोलणाऱ्या. त्यांना इटालियनखेरीज काही येत नव्हतं आणि आम्हाला इटालियन सोडून बाकी थोडं थोडं येत होतं. मधला दुवा म्हणजे खालच्या खाणावळीत काम करणारा रफिक. मूळचा बांगलादेशचा, चाळिशीचा, बायकामुलांसकट तिथे स्थायिक झालेला. त्याची हिंदी सिनेमांतून आलेली होती, त्यामुळे साधा दुधाचा प्रश्नही तो खानदानाच्या इज्जतीचा असल्यासारखा विचारायचा. आणि ताईंची हिंदी पुण्याची. "हमको मासे नहीं चाहिए. मासे का रस भी नहीं चाहिए. मासे के बाजू में जो रखा था, वो भी नहीं चाहिए." यावर रफिक छातीला हात लावून म्हणाला, "माँजी, आप का धरम मेरी ज़िम्मेदारी." त्याने हिरवी चटणी घातलेल्या शेवया आणल्या. ताईंना त्या फार आवडल्या. मग कळलं की चटणी तुळशीच्या जातीच्या पानांची. ताईंचा घास हातातच राहिला. "तुळस वाटतात?" थोडा वेळ त्यांनी पानाचा वास घेतला, विचार केला आणि निर्णय दिला, "हा सब्जा आहे." आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. गावाच्या सगळ्यात वरच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून ती आहे. भिंतीत ओळीने बसवलेल्या नावांच्या दगडांतला मी पहिलाच वाचला आणि किंचाळलेच, "ताई, कानेस्सा!" ताई धावत आल्या. त्यांनी चष्मा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते त्यांचे. तेवढ्यात मला शेजारचा दगड दिसला. तोही कानेस्सा. त्याच्या शेजारचाही. त्या भिंतीतले निम्म्याहून जास्त कानेस्सा होते, आणि त्यातले कितीतरी जोव्हान्नी. परत येताना पाहिलं तर खाटीक कानेस्सा, औषधवाला कानेस्सा, आणि ज्याने आमच्या तोंडावर शटर ओढलं तो बेकरीवालाही कानेस्सा. कातेरीनाबाई तर माहेरच्याही कानेस्सा आणि सासरच्याही. चर्चमध्ये जुन्या नोंदी असतात असं ऐकलं होतं, पण त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते गृहस्थ सुट्टीवर गेले होते. कधी येणार, असं ताईंनी विचारलं. रफिकने विचारून सांगितलं, "बोलते हैं, जब छुट्टी ख़तम होगी."

ताई त्या दिवशी धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, तापाने फणफणलेलं पाहिलं होतं, पण हरलेलं पाहिलं नव्हतं. बोटींकडे बघत त्या म्हणाल्या, "अगं, एकही कानेस्सा सापडला नसता, तर अरूचं बरोबर म्हणून मोकळी झाले असते. एक सापडला असता, तर माझं बरोबर. इतके सापडल्यावर माणसानं काय करायचं?" मी पिशवीतून चकली काढून दिली. त्यांनी ती घेतली आणि अर्धी मला मोडून दिली... त्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी अक्षरशः डबाभर चकल्या संपवल्या. एक सीगल येऊन शेजारी उभा राहिला, तर ताई त्याला म्हणाल्या, "तूही कानेस्साच असशील."

संध्याकाळी कातेरीनाबाईंनी आम्हाला खाली स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कढईत काहीतरी घोटत होत्या. ताईंनी वाकून पाहिलं आणि उडाल्याच. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ! बाईंनी ते घट्ट शिजवून ताटलीत थापलं, गार झाल्यावर त्याच्या वड्या पाडल्या. मी म्हटलं, "ताई, ही तर पाटवडी. पणजोबा इथूनच घेऊन आले असतील!" ताई फटकन म्हणाल्या, "काहीतरीच बोलू नकोस. पीठ कालवायला आपल्याला इटलीहून माणूस आणावा लागत नव्हता." पण लसूण नाही, हिरवी मिरची नाही, वर खोबरं-कोथिंबीर नाही, हे बघून त्यांना राहवेना. त्यांनी आपल्या पिशवीतलं तिखट काढलं. कातेरीनाबाईंनी त्यांचा हात धरला. दोघी आपापल्या भाषेत भांडू लागल्या. रफिक दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मैं क्या बोलूँ, दोनों एक ही बात बोल रही हैं." शेवटी अर्ध्या वड्या तिकडच्या आणि अर्ध्या इकडच्या झाल्या. कातेरीनाबाईंनी तिखटाची वडी खाल्ली, डोळे पुसले आणि आणखी एक घेतली.

त्या वड्या खातानाच गोष्ट निघाली. तुम्ही इतक्या लांबून कशाला आलात, असं बाईंनी विचारलं. ताईंनी सांगितलं, रफिकने ते पुढे पोचवलं. कॉर्नेट वाजवणारा, बोटीने पूर्वेला गेलेला, परत न आलेला माणूस. कातेरीनाबाईंनी काटा खाली ठेवला. त्यांची आजी एक हकीकत सांगायची. गावातल्या वाद्यवृंदात एक तरणाबांड पोरगा कॉर्नेट वाजवायचा. त्याचं तेरेसा नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. लग्नाचे बूट आणायला म्हणून तो जेनोव्हा बंदरात गेला, तो आलाच नाही. पुढे कुणीतरी बातमी आणली की तो तुर्कांच्या मुलखात कुठल्याशा राजाकडे वाजंत्री झालाय. रफिक रंगात आला होता. "और वो लड़की दुल्हन का जोड़ा पहने..." ताई म्हणाल्या, "तुम अपने मन का मत डालो. नाव क्या था उसका?" रफिकने विचारलं. बाईंनी खांदे उडवले. जोव्हान्नी असेल, नाहीतर जाकोमो. त्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? नाव लक्षात राहिलं ते तेरेसाचं. तिने पुन्हा लग्न केलं नाही. गावातल्या पोरींना ती लेस विणायला शिकवायची. बाईंची आजी तिच्याकडेच शिकली होती. हाताला वळण नसलेल्या पोरीलाही ती सोडायची नाही, पुन्हा पुन्हा उसवायला लावायची, आणि सगळ्या पोरी तिला टरकून असायच्या.

ताईंनी हातातली वडी परत ताटलीत ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे हा मेला तिथेही एक लग्न मोडूनच आला होता!" आणि त्या जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. हसता हसता रडत होत्या की काय, मला कळेना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. कातेरीनाबाईंना वाटलं, तिखटाने झालं. त्यांनी पाणी दिलं.

सकाळी आम्ही सगळेच पुन्हा वर गेलो. कातेरीनाबाई काठी टेकत पुढे, मागे आम्ही, आणि काम सोडून आलेला रफिक. तेरेसाचा दगड भिंतीच्या कडेला होता. वर नाव, आणि चिनीमातीच्या गोल तुकड्यावर तिचं म्हातारपणीचं छायाचित्र. ओठ घट्ट मिटलेले, नजर थेट समोरच्यावर. गृहपाठ न केलेल्या मुलीकडे बघावं तशी. ताईंनी चपला काढल्या. पर्समधून हळद-कुंकू काढलं, जरा घुटमळल्या आणि परत ठेवून दिलं. वाटेवर तोडलेली रानफुलं दगडाशी ठेवली. मग ताठ उभ्या राहून शाळेत पाहुण्यांचं स्वागत करावं तशा स्वच्छ मराठीत बोलू लागल्या.

"नमस्कार. मी कुमुद कणसे, पुण्याहून आले. आमच्या माणसानं तुमच्याशी जे केलं, ते काही बरं केलं नाही. तो आमचाच होता, हे सिद्ध झालेलं नाही. पण माफी मागायला दुसरं कुणी आलेलं दिसत नाही, म्हणून मी मागते." इथे त्यांनी पदर सारखा केला. "माझंही त्याच्यापायीच राहिलं. पण तुम्ही शिकवत होतात, मीही शिकवत होते... आपलं काही वाईट चाललं नाही. चाललं का?"

कातेरीनाबाईंनी रफिकला ढोसून विचारलं, काय म्हणाली? रफिकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नमस्ते बोली." त्याने तेवढंच सांगितलं. एवढ्या लांबलचक भाषणाचा एवढाच अर्थ कसा, अशा नजरेने बाई आमच्याकडे बघत राहिल्या. ताईंनी मला तेरेसाच्या दगडाचा फोटो काढायला लावला. जोव्हान्नी नावाच्या एकाही दगडाचा काढू दिला नाही. "पळपुट्यांचे फोटो कशाला?" म्हणाल्या.

पुण्याला आल्यावर त्यांनी तो फोटो मोठा करून, चौकट लावून, आईवडिलांच्या तसबिरींच्या रांगेत टांगला. आल्यागेल्याने विचारलं, तर "आमच्या घरातल्या" एवढंच सांगत. सर्वपित्रीला दरवर्षीप्रमाणे ताईंच्याकडे आम्ही जमलो. अरविंद पाटावर बसून तर्पण करत होते, ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. गुरुजींचं नावं घेणं संपत आलं, तशा ताई म्हणाल्या, "अरू, तेरेसाचं घे." अरविंद म्हणाले, "ताई, पुरे आता. ती कोण आपली?" ताई नुसत्या बघत राहिल्या. आमच्या घरात त्या बघण्यापुढे कुणाचं काही चालत नसे. गुरुजी तरुण होते, बाहेर स्कूटर चुकीच्या जागी लावून आलेले, घाईत होते. त्यांनी विचारलं, "गोत्र?" अरविंद विजयी मुद्रेने म्हणाले, "तिला गोत्र कुठलं? इटलीची होती ती." गुरुजी म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप धरतात." आमचंही काश्यपच आहे, आणि नेमकं त्याच कारणासाठी. ताई वळून आत जाता जाता म्हणाल्या, "बघ. आमच्यातच येणार होती ती."

परवा ताईंच्याच घरी त्यांचे दिवस झाले. बाराव्याला तेच गुरुजी होते. ताईंना त्यांच्या आधी गेलेल्यांत मिळवायचं म्हणून त्यांनी घराण्यातली नावं विचारली. अरविंद यांनी वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबा जिवाजी सांगितले. सगळं रीतसर झालं. गुरुजी पुढे जाणार, तोच अरविंद म्हणाले, "थांबा. अजून एक आहे." समोरच्या भिंतीवरच्या तसबिरींकडे बघत ते म्हणाले, "तेरेसा." मी दारातच उभी होते, ताई उभ्या राहायच्या तिथे. यावेळी गुरुजींनी मान वरही केली नाही. "काश्यपगोत्रा," म्हणाले आणि अरविंद यांच्या ओंजळीत त्यांनी पाणी घातलं.